पहिल्या ताऱ्यांची जान

११ मार्च
सकाळी सुजाताचे दोन मिस्ड कॉल. म्हणजे मी लावायचा. तिला सिरोंच्याहून अकरावीला इथे आणलं तेव्हाच ठरलेलं आहे: एक मिस्ड कॉल म्हणजे 'पोचले', दोन म्हणजे 'मॅडम, तुम्ही करा'. तेव्हा तिच्या फोनमध्ये बॅलन्स नसायचा. आता असतो. सवय तीच, आणि मीही उचलत नाही, मोजते.

लावला. पुण्याहून नाही, सिरोंच्याहून बोलत होती. पुण्याची खोली सोडली म्हणे. आईला लकवा मारून चार महिने झाले, मावशी किती दिवस बघणार. "आश्रमशाळेत तासिकेवर लागले मॅडम. विज्ञान, आणि कोणी नसलं की भूगोल."
"आणि प्रबंध?"
"पाहू."
'पाहू' हा शब्द मी तिला शिकवलेला नाही.

सात वर्षं. तीन प्रकरणं लिहून झालेली, चौथं बाकी. विद्यापीठाची शेवटची तारीख ३० जून, त्यानंतर नोंदणी रद्द. सात वर्षं गोदावरीत.

१२ मार्च
काल रागात झोपले, आज रागातच उठले. बाल्कनीचा कठडा पुसला. फडकं काळं. वीज केंद्राचा प्रसाद. या गावात तारे दिसत नाहीत आणि मी ताऱ्यांसाठी भांडते आहे.

सु.चा विषय स्वतःला नीट सांगून बघते. (हे सगळं तिनेच मला शिकवलं. मी तिला ओहमचा नियम दिला, व्याज हे.) सुरुवातीला नुसता हायड्रोजन आणि हेलियम, सगळीकडे काळोख. वायूचे ढग आपल्याच वजनाने आत कोसळतात, गरगरतात, त्याची चकती होते. चुंबकीय क्षेत्र नसेल तर चकतीचे तुकडे पडतात, भाऊबंदकी होते, बरेच लहान तारे. क्षेत्र बळकट असेल तर ते चकतीला धरून ठेवतं, तिची गरगर काढून घेतं. मग तारे थोडे पण दांडगे.

पण क्षेत्र आलं कुठून? आरंभी ते जवळजवळ नव्हतंच. नसल्यासारख्या त्या थोड्याशाला ढवळणाऱ्या वायूने वाढवलं, जसं डायनॅमोत वाढतं. ते पहिल्या ताऱ्याच्या वेळेपर्यंत पुरेसं वाढलं होतं का? हे चौथं प्रकरण.

पहिला तारा आजवर कोणी पाहिलेला नाही. सगळं कॉम्प्युटरवर. न पाहिलेल्या गोष्टीवर सात वर्षं काढायला छाती लागते. आमच्या गल्लीत लोक सात मिनिटं ग्रहणाकडे बघत नाहीत, बाळाला बाधेल म्हणून.

१९ मार्च
ज्येष्ठ नागरिक मंडळात माझं व्याख्यान. विषय मी लिहून दिला होता: 'पहिल्या ताऱ्यांच्या जन्मातील चुंबकीय क्षेत्राची भूमिका'. फळ्यावर काय? 'चुंबकाचे फायदे'. सचिवांना लांबलचक वाटलं म्हणून त्यांनी आटोपशीर केलं.
बावीस माणसं, चव्वेचाळीस गुडघे. पहिलाच प्रश्न: "बाई, चुंबकाचा पट्टा रात्री बांधाचा का दिवसा?"
म्हटलं, "तोंडाला बांधा. चोवीस तास."
चहा न घेता निघाले. आता पुन्हा बोलावणार नाहीत. बरंच आहे.

२७ मार्च
निवृत्त झाले तेव्हा प्रयोगशाळेतला जुना डायनॅमो भंगारात निघाला होता. हाताने फिरवायचा, लाकडी पाट, पितळी मूठ, वर एक छोटा दिवा. मी रिक्षात घालून घरी आणला होता. आज माळ्यावरून काढला. सिरोंच्याला न्यावा म्हणते. सु. याच यंत्रावर पहिल्यांदा 'अय्यो' म्हणाली होती, दिवा पेटल्यावर. फिरवला. दिवा लागेना. दिवा बदलला. तरी नाही.

हमीदभाईंकडे नेला. वीज केंद्राच्या गेटापाशी मोटर रिवाइंडिंगचं दुकान, बोटं कायम वार्निशने पिवळी. मीटर लावून बघितलं.
"बाई, वाइंडिंग ठीक हाय. जान गेली याची."
"जान म्हणजे?"
"आतल्या लोखंडात थोडंसं चुंबक राह्यते ना, ते. कितीक दिवस पडून होतं?"
"आठ वर्षं."
"मंग? पडून राह्यलं की जाते. मंग तुमी कितीबी फिरवा, शून्याले फिरवून शून्यच निंगते. जरासी जान पायजे, मंग ते स्वतःच स्वतःले वाढवते."
"आणि जान गेल्यावर?"
"बॅटरी टच करा लागते. एक सेकंद."
स्कूटरची बॅटरी घेतली, दोन वायरी, टच. ठिणगी. म्हणाले, "आता फिरवा." फिरवलं. दिव्यातली तार आधी लाल किड्यासारखी झाली, मग पेटली.

एकतीस वर्षं मुलांना 'अवशिष्ट चुंबकत्व' लिहून दिलं. अधोरेखित करायला लावलं. जान म्हणतात हे मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

घरी येऊन सु.ला फोन. सगळं सांगितलं. हसली. कित्येक महिन्यांनी.
"मॅडम, आमच्यातपण बॅटरीच म्हणतात."
"कशाला?"
"पहिल्या जानेला. वायूत इलेक्ट्रॉनांचा दाब एका दिशेने आणि दाटी दुसऱ्या दिशेने वाढत असली की आपोआप थोडा प्रवाह सुटतो, आणि कुठेच नसलेलं क्षेत्र तयार होतं. इतकुसं. त्याला बॅटरी म्हणतात, खरंच. हमीदभाईंना सांगा."
सांगितलं नाही अजून. ते म्हणतील, मंग त्यात काय.

२ एप्रिल
आज तिने खरं सांगितलं. चौथ्या प्रकरणासाठी तिने एकच ढग दोनदा कोसळवला, एकदा क्षेत्राशिवाय, एकदा इवल्याशा क्षेत्रासह. दोन्ही वेळा निकाल सारखा. चकतीचे तुकडेच तुकडे. क्षेत्र वाढलंच नाही.
मार्गदर्शक म्हणाले, जाळी बारीक करून पुन्हा चालव. (कॉम्प्युटरमध्ये ढगावर चौकोनांची जाळी टाकतात, प्रत्येक घराचं गणित वेगळं.) पण मोठ्या कॉम्प्युटरवरचा तिच्या वाट्याचा वेळ संपलेला. नवा मागायला त्यांचा अर्ज हवा, तो जानेवारीपासून टेबलावर. मधल्या काळात बाहेरदेशी कोणीतरी तेच काम बारीक जाळीवर करून छापूनही टाकलं.
"काही नवीन राहिलं नाही मॅडम."
मी फोनवर गप्प बसले. मी. कॉन्व्हेंटमध्ये गप्प बसण्याचं बक्षीस एकदाही न मिळालेली.

९ एप्रिल
करू नये ते केलं. मार्गदर्शकाचा नंबर मिळवला आणि लावला.
"मॅडम, आपला यात संबंध काय?"
"मी तिला डायनॅमो शिकवला. तुम्ही काय शिकवलंत, ताटकळायला?"
आणखीही बोलले. 'खुर्ची गरम ठेवणारे' असं काहीतरी. त्यांनी फोन ठेवला. मला पाच मिनिटं फार बरं वाटलं. पाचच.

१६ एप्रिल
सु.ला त्यांचा ई-मेल. 'बाहेरील व्यक्तींचा हस्तक्षेप' असल्यामुळे मुदतवाढीची शिफारस करता येणार नाही. ३० जून अंतिम.
म्हणजे मुदतवाढ मिळू शकली असती. मला माहीतच नव्हतं.
सु. रागावली नाही. "जाऊ द्या मॅडम, नाहीतरी." 'नाहीतरी'वरच फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर जेवले असते.

२३ एप्रिल
माफीचं पत्र. पहिला खर्डा: 'आपल्या भावना दुखावल्या असल्यास'. फाडला, ही राजकारण्यांची माफी. दुसऱ्यात 'तथापि' आलं आणि 'तथापि'च्या मागून सगळं भांडण परत आलं. तिसऱ्यात त्यांना वयाची आठवण करून दिली. चौथा पाच ओळींचा: चूक माझी, तिला माझ्या फोनची कल्पना नव्हती, शिक्षा तिला नको.
शाळेत सिस्टर पट्टी हातात घेऊन 'से सॉरी' म्हणायच्या. मी सॉरी न म्हणता पट्टी खायची. साठी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा सॉरी म्हटलं, तेही पुण्याला, स्पीड पोस्टाने.

३० एप्रिल
उत्तर नाही. ऊन असं की नळाला गरमच पाणी.

६ मे
सिरोंचा. पहाटेची बस. अहेरीपर्यंत रस्ता म्हणायचा, पुढे खड्ड्यांना डांबराची किनार. डायनॅमो शालीत गुंडाळून मांडीवर.
कंडक्टर: "मावशी, यात काय हाय? या रोडनं असं गुंडाळून काई नेत नसतेत."
"डायनॅमो आहे."
"डायनामा...?" दोन बाकं मागे सरकली.
शाल सोडून दाखवला. मग सगळी बस जवळ. एकाने मूठ फिरवून पाहिली. मी त्याच्या हातावर चापट मारली. त्यानंतर मला खिडकीची जागा मिळाली.

सु. स्टँडवर उभी. बारीक झाली आहे. माझ्या हातातलं ओझं बघून म्हणाली, "अय्यो, हा अजून आहे?"

७ मे
घर नदीकडे. आई खाटेवर, डावा हात मांडीत ठेवलेला, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा. उजव्या हाताने जाळं विणते, दोरा पायाच्या अंगठ्यात धरून. मला बघून, "टीचरम्मा, कूर्चोंडी." बसले.

डायनॅमो ओसरीवर मांडला. फिरवला. दिवा नाही. पुन्हा. दंड भरून आला. नाही.
सु. म्हणाली, "बसमध्ये आपटला असेल. धक्क्यांनी जाते ती."
बरोबरच आहे. मीच शिकवायची, चुंबक आपटू नये. दोनशे किलोमीटर खड्ड्यांतून मांडीवर जान घेऊन आले आणि ती वाटेत कुठेतरी सांडली. इथे स्कूटरची बॅटरीही मिळेना, शेजारची स्कूटर तेलंगणात गेलेली.

लॅपटॉप कापडी पिशवीत, पिशवी धान्याच्या कोठीवर. मार्चपासून उघडलेला नाही. उघडायला लावला. दोन ढग शेजारी शेजारी, दोन्हींच्या चकत्या फुटलेल्या. आईने काय म्हणून विचारलं. सु. तेलुगूत सांगत राहिली, बराच वेळ. आईने विणायचं थांबवलं नाही. मग एवढंच म्हणाली, "कन्नु पेद्ददी."
सु.ने स्क्रीनकडे पाहिलं, मग आईच्या जाळ्याकडे.
"काय म्हणाली?"
"कन्नु म्हणजे डोळा. जाळ्याच्या घराला आमच्यात डोळा म्हणतात. म्हणाली, डोळा मोठा आहे."
"मग?"
"मग काय मॅडम, तेच तर. वायूतले भोवरे माझ्या जाळीच्या घरापेक्षा लहान. क्षेत्र वाढतं त्या भोवऱ्यांत. ते निसटले. मासा नव्हता असं नाही, डोळा मोठा होता."
"हे लिहिलंस?"
"हे काय लिहायचं? 'सापडलं नाही' यावर कोण पदवी देतं?"
"'सापडलं नाही' लिहू नकोस. केवढ्या डोळ्यातून निसटलं ते लिही. कुठल्या मापाखाली यायला हवं ते लिही. त्या बाहेरदेशीच्यांनी बारीक जाळं टाकून मासा दाखवला, मोठ्या जाळ्याने किती फसगत होते ते मोजून कोणी दाखवलंय का?"
तिने लॅपटॉप बंद केला नाही.

८ मे
निघताना आई काहीतरी बोलली, माझ्याकडे बघत, सावकाश.
सु. म्हणाली, "आई म्हणते, जेवून जा."
मी कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढले, शेजार सगळा तेलुगू. जाळ्याची भाषा नाही कळली, पण एवढं मला कळतं. आई म्हणाली होती: तुम्ही नेलीत तेव्हा म्हणालात, पोर मोठी होईल. झाली. आता ती तिकडची नाही आणि इकडचीही राहिली नाही.
म्हटलं, "जेवते." जेवले.

डायनॅमो तिथेच ठेवला. परत आणण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

२९ मे
सु.ची अकरा पानं ई-मेलने आली! रात्री लिहिते, आई झोपल्यावर, वीज असली तर. इंग्रजी भयंकर. 'द' नको तिथे आहे, हवं तिथे नाही. लाल पेन घेऊन बसले. एक वाक्य मात्र तसंच ठेवलं, 'या जाळीवर क्षेत्र वाढत नाही, हा निसर्गाचा निकाल नव्हे, जाळीचा आहे.' त्यात एक 'द' जास्त आहे. राहू दे.

१० जून
मार्गदर्शकांचं उत्तर. माफीपत्राला. दोन शब्द: 'नोंद घेतली.'

१२ जून
सु.ने चौथं प्रकरण पुरं करून प्रबंध पाठवला होता, तिलाही लिहिलंय त्यांनी. प्रबंध वाचला असं नाही, न वाचला असंही नाही. 'सहीसाठी ३० जून रोजी दुपारी प्रत्यक्ष यावे. त्याआधी उपलब्ध नाही.' शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासांत. सही झाली तर धावत जाऊन कार्यालयात जमा करायचं. सही करणार की नाही हे लिहिलेलं नाही. हा माझ्या पाच मिनिटांचा हिशेब.
मी म्हटलं, सोबत येते. "तुमचे गुडघे, मॅडम." मग म्हणाली, "चुंबकाचा पट्टा बांधा." मीच सांगितलं होतं तिला ते व्याख्यान. भोगते.

२१ जून
छापलेल्या प्रती अहेरीहून आणल्या म्हणे, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधून. मावशी आईपाशी राहायला तयार आहे. तयार 'होती', असं सु. म्हणाली. भूतकाळ का, ते मी विचारलं नाही.

२५ जून
"निघणार ना?"
"पाहू मॅडम."

२७ जून
तिकडे धो धो. बस स्टँडवर चौकशी केली. खिडकीतला म्हणाला, "सिरोंच्याची गाडी आलापल्लीवरून पलटवून राह्यले बाई. नाल्यावर पाणी हाय."
"कधी उतरेल?"
"त्याले विचारा."
"कोणाला?"
"नाल्याले."
दुसरं कोणी असतं तर सोडलं नसतं. त्याला काय बोलणार. बरोबरच बोलला.
तेलंगणाच्या बाजूने पूल ओलांडून मंचेरियालला रेल्वे धरता येते. सु.ला मेसेज टाकला. एकच टिक.

२८ जून
फोन बंद. एकच टिक.
हमीदभाईंच्या दुकानावरून गेले. "बाई, डायनॅमो कसा हाय?"
"जान गेली. रस्त्यात."
"आना मंग. एक सेकंदाचं काम."
"सिरोंच्याला आहे."
ते हसले नाहीत. म्हणाले, "तिकडे कोनाकडं तरी बॅटरी असनच ना."

२९ जून
काही नाही. टिक एकच. आज निघाली नसेल तर संपलं. निघाली असेल तरी संपल्यासारखंच, पण मग ती सहीच्या टेबलासमोर तरी उभी असेल.
आईची तब्येत बिघडली असेल तर? त्यात प्रबंधाचं मला काय पडलंय, असं तिने विचारलं तर मी काय सांगणार आहे?

३० जून, सोमवार
सकाळपासून फोन ओट्यावर, मग टेबलावर, मग मांडीवर. आंघोळ उरकली.

चार वाजून दहा मिनिटांनी वाजला. सुजाता. एकदाच वाजून बंद.
थांबले. दुसरा आला नाही.

एक म्हणजे 'पोचले'.
कुठे? पुण्याला? पोचली, सही झाली, जमा केलं? की नाल्यापर्यंत जाऊन भिजून घरी परत पोचली? घरी पोचल्यावरही ती एकच देते. घराला वेगळा आकडा आम्ही कधी ठरवलाच नाही, तेव्हा ती फक्त घरीच पोचायची.
की दोन द्यायचे होते आणि मधेच रेंज गेली?

लावला. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' क्षेत्र! पुन्हा लावला. तेच.

कार्यालय साडेपाचला बंद होतं. साडेपाच झाले. सहा झाले. खाली भाजीवाला ओरडून गेला.

आता पावणेसात. दुसरा आलेला नाही. दुसरा न येणं ही चांगली बातमी असते, पंधरा वर्षं असते. आज कळत नाही.

बॅटरी थोडी उरली आहे. फोन चार्जिंगला लावते आहे. आवाज पूर्ण ठेवून.